वाहत्या द्रवाचा एनएमआर : पार्श्वभूमी

एनएमआर म्हणजे अणुकेंद्रांचं चुंबकीय अनुस्पंदन : चुंबकात ठेवलेल्या अणुकेंद्रांवर रेडिओलहरी सोडून त्यांच्या संकेतावरून पदार्थ ओळखायचा. चालू अभिक्रियेतला द्रव पंपाने बारीक नळीतून एनएमआरच्या चुंबकात न्यायचा, तिथे त्याचा वर्णपट (संकेतांच्या शिखरांचा आलेख) घ्यायचा आणि तोच द्रव पुन्हा अभिक्रियापात्रात सोडायचा, ही पद्धत आता औषध-संशोधनात रुळली आहे. तिचं मूळ मात्र रसायनशास्त्रात नाही, भौतिकशास्त्रात आहे.

1945-46च्या हिवाळ्यात हार्वर्डला पर्सेल, टोरी आणि पाउंड यांना पॅराफिनमध्ये, तर स्टॅनफर्डला ब्लॉक, हॅन्सन आणि पॅकार्ड यांना पाण्यात अणुकेंद्रांचं चुंबकीय अनुस्पंदन सापडलं. पुढे 1951 मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या जी. सूर्यन यांनी वाहत्या द्रवातलं अनुस्पंदन तपासलं. रेडिओलहरींचा मारा चालूच राहिला तर स्थिर द्रवातली केंद्रकं संपृक्त होतात, म्हणजे आणखी ऊर्जा शोषू शकत नाहीत, आणि संकेत मावळतो. द्रव वाहता असेल तर ती केंद्रकं पुढे निघून जातात, त्यांच्या जागी ताजी येतात आणि संकेत वाढतो. माझ्या मते या इतिहासाचा खरा आरंभ इथेच आहे, कारण पुढच्या बहुतेक अडचणींचं बीज याच निरीक्षणात आहे : केंद्रकाला चुंबकात चुंबकित व्हायला किती वेळ लागतो, आणि प्रवाह त्याला किती वेळ देतो.

त्याच वर्षी स्टॅनफर्डमध्ये अर्नोल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड यांनी इथेनॉलच्या रेणूतल्या तीन प्रकारच्या हायड्रोजनची तीन वेगळी शिखरं दाखवली. (हेच धर्मट्टी पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि तिथे एनएमआरचं काम उभं केलं.) शिखराचं क्षेत्रफळ केंद्रकांच्या संख्येच्या प्रमाणात असतं, म्हणून एकाच वर्णपटात काय आहे आणि किती आहे, दोन्ही कळतं. पण तेव्हाची यंत्रं वर्णपट सावकाश, रेषेरेषेने काढत. 1966 मध्ये अर्न्स्ट आणि अँडरसन यांनी रेडिओलहरींचा छोटा स्पंद देऊन, आलेल्या संकेतातून फूरिये रूपांतर या गणिती रीतीने संपूर्ण वर्णपट काही सेकंदांत मिळवण्याची वाट खुली केली. मग 1970च्या दशकात प्रवाह थांबवून किंवा चालू ठेवून जलद अभिक्रिया पाहण्याचे प्रयोग सुरू झाले. द्रव-क्रोमॅटोग्राफीला (मिश्रणातले घटक वेगळे करणाऱ्या पद्धतीला) एनएमआर जोडण्याचे प्रयत्नही याच दशकातले. प्रवाहपेशी (द्रव जिच्यातून वाहतो ती मापनाची छोटी कुपी) असलेले प्रोब, म्हणजे चुंबकातले संकेत टिपणारे भाग, घडवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे.

आता सूर्यन यांच्या निरीक्षणाची दुसरी बाजू. चुंबकात शिरल्याबरोबर केंद्रकं पूर्ण चुंबकित होत नाहीत. शिथिलन काल (चुंबकन किती वेगाने होतं ते सांगणारा काल) 3 सेकंद असेल, तर 99 टक्के चुंबकन होण्यासाठी त्याच्या पाचपट, म्हणजे सुमारे 15 सेकंद लागतात. त्याआधीच द्रव मापनाच्या जागी पोचला, तर शिखर लहान दिसतं. आणि प्रत्येक पदार्थाचा शिथिलन काल वेगळा असल्यामुळे प्रमाणही चुकतं. शिवाय पेशीत केंद्रक जितका कमी वेळ राहील तितकी रेषा, म्हणजे वर्णपटातलं शिखर, रुंदावते. 60 मायक्रोलिटरच्या पेशीतून मिनिटाला 10 मिलिलिटर द्रव गेला तर मुक्काम 0.36 सेकंदाचा, एवढ्याने रेषा जवळजवळ 0.9 हर्ट्झने फुगते. श्टुटगार्टमध्ये मायवाल्ड, हासे आणि सहकाऱ्यांनी 2000 नंतरच्या वर्षांत हा हिशेब नीट मांडला आणि फॉर्मल्डिहाइडच्या गुंतागुंतीच्या मिश्रणांवर, दाबाखालीही, अचूक परिमाणात्मक मोजमाप करून दाखवलं.

एवढा खटाटोप कशाला, साध्या काचनळीत अभिक्रिया का करू नये? कारण त्या अरुंद नळीत ढवळणं नसतं. हायड्रोजनसारखा वायू लागणाऱ्या अभिक्रियेत वायू द्रवात पुरेसा मिसळत नाही, आणि मोजलेला वेग अभिक्रियेचा न राहता विसरणाचा, म्हणजे वायू द्रवात पसरण्याचा, होतो. वाहत्या पद्धतीत अभिक्रिया तिच्या खऱ्या पात्रात, खऱ्या ढवळण्यासह चालते. ड्युटेरियमयुक्त (जड हायड्रोजनची, म्हणून हायड्रोजनच्या वर्णपटात आड न येणारी) महागडी द्रावकंही टाळता येतात. साध्या द्रावकाचं प्रचंड शिखर दाबून टाकणाऱ्या स्पंदमालिका (ठरावीक क्रमाने दिलेले स्पंद) 1990च्या दशकात तयार झाल्या होत्याच.

गेल्या दशकात कायम चुंबकांची टेबलावर मावणारी यंत्रं आली. मोठ्या चुंबकांसारखं थंड ठेवायला त्यांना द्रवरूप हेलियम लागत नाही, त्यामुळे ती थेट धूरकोठीत (प्रयोगशाळेतल्या वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात), अभिक्रियेशेजारी ठेवता येतात. पण त्यांचा चुंबक आखूड असतो. द्रव मापनाच्या जागी पोचेपर्यंत चुंबकनाला फार थोडं अंतर मिळतं. म्हणून प्रवाह अगदी मंद ठेवावा लागतो, नाहीतर प्रत्येक वर्णपटासाठी पंप थांबवून द्रवाला तेवढे सेकंद द्यावे लागतात.