वहिवाट कोणत्या सालची?

अलास्कात बर्फावर पट्ट्याने धावणाऱ्या मोटरगाडीला ‘स्नोमोबिल’ म्हटलं की समोरच्याला कळतं, हा बाहेरचा. तिथे ती ‘स्नोमशीन’. उत्तर कॅनडात एका ब्रँडचंच नाव, स्की-डू, सगळ्या गाड्यांना चिकटलं. आपल्याकडे वनस्पती तुपाचं डालडा झालं तसंच. गुलमर्गला फिरून आलेली आपली मंडळी ‘स्नो बाईक’ म्हणतात, तर सैन्यात ‘स्नो स्कूटर’ म्हणतात. अलास्काचा शब्द इथे महत्त्वाचा, कारण २ डिसेंबर १९८० रोजी मंजूर झालेल्या अमेरिकेच्या संघीय कायद्यात तोच आला. स्थानिकांचा शब्द कायद्यात गेला याचं तेव्हा कौतुक झालं असेल. त्याच वाक्यातल्या पुढच्या दोन शब्दांनी मात्र वीस वर्षांनी भांडण लावलं.

या कायद्याने अलास्कातली १० कोटी ४० लाख एकर जमीन संरक्षित झाली. उरलेल्या अमेरिकेत १९६४ पासून संरक्षित रानात इंजिनाला मज्जाव होता. अलास्कात तसं करणं शक्यच नव्हतं. बहुतेक गावांना रस्ता नाही. उन्हाळ्यात नदी हाच रस्ता आणि हिवाळ्यात गोठलेली नदी. म्हणून सवलत ठेवली गेली: पुरेसा बर्फ असताना स्नोमशीन, शिवाय मोटरबोट आणि विमान वापरता येईल; गावाला किंवा घरी जायला-यायला, आणि ‘पारंपरिक कामांसाठी’. ही कामं म्हणजे कोणती, हे कायद्याने सांगितलं नाही.

आपल्या भाषेत सांगायचं तर हा वहिवाटीचा प्रश्न. बांधावरून बैलगाडी नेण्याची वहिवाट असेल तर ट्रॅक्टर नेता येतो का? आणि ट्रॅक्टर नेता येत असेल, तर पाहुण्यांना घेऊन नुसतं हिंडायला? गावकऱ्याचं उत्तर सोपं होतं. सापळ्यांची फेरी, मूस या मोठ्या हरणाची शिकार, सरपण, शंभर मैलांवरच्या बहिणीकडे जाणं, सगळं मशीनवरच. अँकरेज शहरातून शुक्रवारी रात्री ट्रेलरवर मशीन लादून देनाली उद्यानाजवळच्या कँटवेल गावाला येणारा माणूस म्हणत होता, मीही कायदा व्हायच्या आधीपासून येतोय, मग माझी वहिवाट का नाही? १९७१ साली पार्क्स हायवे झाल्यापासून हा भाग त्याच्या हाताशी आला होता. त्याच्या म्हणण्यात तथ्य होतंच.

ठिणगी पडली देनाली राष्ट्रीय उद्यानात. १९१७ साली राखलेलं आणि पुढे वाढत गेलेलं जुनं उद्यान सुमारे २० लाख एकरांचं. १९८० च्या कायद्याने ते तिप्पट होऊन ६० लाखांवर गेलं, पण जुन्या गाभ्याचे नियम कडकच राहिले. नव्वदच्या दशकात मशीन बदलली. पट्टा लांब झाला, त्याला खोल दात आले, इंजिनाची ताकद वाढली. ज्या उतारावर आधीची गाडी रुतून बसायची तिथे ही सरळ वर चढू लागली. १९९९ साली उद्यानाने जुना गाभा तात्पुरता बंद केला. चालकांची संघटना कोर्टात गेली. कोर्ट म्हणालं, ‘पारंपरिक’ची व्याख्या केल्याशिवाय बंदी घालता येणार नाही. मग २००० साली व्याख्या आली: कायदा झाला त्या काळात तिथे रूढ असलेलं आणि निसर्गातलं काहीतरी घेण्याशी जोडलेलं काम. उदाहरणार्थ शिकार, सापळे, मासेमारी, बेरी वेचणं. मौजेची फेरी पारंपरिक नाही, हेही स्पष्ट लिहिलं.

आता यातली मेख बघा. जुन्या गाभ्यात शिकारीला आणि सापळ्यांना आधीपासूनच बंदी. उरली मासेमारी आणि बेरी, आणि मशीन चालते त्या मार्च महिन्यात बेरी कोण वेचणार? व्याख्येने दार उघडं ठेवल्यासारखं केलं आणि आत भिंत बांधली. वीस लाख एकर तरी शांत राहावेत, ही मागणी मला रास्त वाटते. पण ते सरळ सांगून बंद करायचं की शब्दांची कसरत करून, एवढाच माझा आक्षेप. शिवाय ही व्याख्या फक्त त्या गाभ्यापुरती. शेजारच्या ४० लाख एकरांत तोच कायदा, तेच दोन शब्द, आणि व्याख्या नाही. तिथे मशीन चालतात.

या वादात मागचा इतिहास दोन्ही बाजू सोयीने वापरतात, म्हणून तो थोडक्यात. १९६० च्या मार्चमध्ये मिनेसोटातल्या रोझो गावचा एक मशीन बनवणारा आपल्या गाड्या घेऊन अलास्कातल्या बेथेलहून फेअरबँक्सला निघाला. मागे इंजिन असलेल्या त्या धिम्या गाड्यांनी सुमारे १,९०० किलोमीटर तीन आठवड्यांच्या आसपास कापले. हेतू एकच: हे यंत्र रानात टिकतं हे दाखवणं. घरी परतल्यावर कौतुक राहिलं बाजूला. भागीदारांना ती उधळपट्टी वाटली. त्याने ती कंपनी सोडली आणि दुसरी काढली. आठ वर्षांनी मिनेसोटातलाच एक विमा विकणारा १६ अश्वशक्तीच्या स्की-डू घेऊन उत्तर ध्रुवाकडे निघाला. १९६७ चा प्रयत्न फसला होता. १९६८ साली कॅनडाच्या टोकावरच्या वॉर्ड हंट बेटावरून निघून ४३ दिवसांनी, १९ एप्रिलला, चौघे ध्रुवावर पोहोचले. अमेरिकी हवाई दलाच्या विमानाने वरून जागा पडताळून दिली. परतीला मात्र मशीन नव्हे, विमान.

त्याच दशकात खेड्यांतून कुत्र्यांचे चमू झपाट्याने नाहीसे झाले. कुत्र्यांना वर्षभर मासे घालावे लागतात, मशीन उन्हाळ्यात काही खात नाही. ही कुत्र्यांच्या गाडीची परंपरा जाईल या धास्तीने १९७३ साली अँकरेज ते नोम अशी कुत्र्यांची मोठी शर्यत सुरू झाली. म्हणजे आज जगभर परंपरा म्हणून दाखवली जाणारी ही शर्यत बेथेलहून निघालेल्या त्या मशीनपेक्षा तेरा वर्षांनी धाकटी. शिवाय तिची वाट कुत्र्यांच्या पुढे जाऊन मशीनच पाडून ठेवतात! १९८४ पासून मशीनचीही शर्यत आहे. आज ती ३,२०० किलोमीटरहून लांब आहे आणि चालकांना जोडीनेच धावावं लागतं. २००८ च्या निवडणुकीत उपाध्यक्षपदासाठी उभ्या राहिलेल्या गव्हर्नरबाईंचे यजमान ती चार वेळा जिंकले होते, तेव्हा कुठे बाहेरच्या वर्तमानपत्रांना तिचा पत्ता लागला.

जोडीने धावण्याचा नियम का, हे एकदा ‘ओव्हरफ्लो’ समजून घेतला की कळतं. नदीच्या गोठलेल्या थराला भेग पडून खालचं पाणी वर येतं आणि भुसभुशीत बर्फाखाली साचून राहतं. वरून सगळं पांढरं, सपाट. गॅसचा अंगठा जरा ढिला पडला की पट्टा त्या लगद्यात बसतो. उणे तीस-चाळीसला लगदा काही मिनिटांत दगड होतो, मग कुऱ्हाडीने चाकं मोकळी करत बसायचं, तेही बूट भिजलेले असताना. मागच्या घसरगाडीत पेट्रोलचे डबे, बॉनेटखाली जादा बेल्ट, आणि उजवा अंगठा दिवसभर लिव्हर दाबून बधिर झालेला. गावात पोहोचल्यावर आधी पेट्रोल कुणाकडे मिळेल ते विचारायचं, चहा नंतर.

हल्ली अडचण बर्फाचीच आहे. वाटेत पुरेसा बर्फ नसल्याने कुत्र्यांच्या शर्यतीचा आरंभ २००३, २०१५, २०१७ आणि २०२५ साली उत्तरेला फेअरबँक्सला न्यावा लागला. नद्या उशिरा गोठतात, लवकर सुटतात. त्यामुळे ‘पारंपरिक’ सोडून भांडण आता १९८० च्या त्याच वाक्यातल्या आधीच्या शब्दांवर आलंय: ‘पुरेसा बर्फ’. देनालीच्या नियमात त्याचा अंदाज साधारण ६ ते १२ इंच दिला आहे, खालचा झाडोरा आणि माती वाचेल इतका. दर हिवाळ्यात उद्यानाची माणसं बर्फ तपासतात, आणि वाढीव भाग मशीनसाठी खुला झाल्याची सूचना निघेपर्यंत कँटवेलच्या बाजूला ट्रेलर उभे असतात.