फाउस्ट आणि परी एकाच टेबलावर

दर शनिवारी आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये दहा-बारा पोरं जमतात आणि आम्ही तासभर कविता-कविता खेळतो, हे कळल्यावर आयांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "म्हणजे पाठ करून घेता का?" दुसरा प्रश्न, "स्पर्धा कधी आहे?" आता यात त्यांची चूक काही नाही, मराठीत मुलांची कविता बरीच वर्षं याच दोन खुंट्यांना टांगलेली होती, आणि ती तिथून खाली कशी उतरली हे सांगायचं तर जरा मागे जावं लागतं.

तसं बघितलं तर मुलांची कविता छापखान्याच्या कितीतरी आधीची. अडगुलं मडगुलं, आपडी थापडी, अटक मटक चवळी चटक, अडम तडम तडतड बाजा, यातल्या अर्ध्या शब्दांना अर्थच नाही आणि कुणाला तो हवाही नव्हता. येरे येरे पावसा म्हणताना चार टाळ्या बरोबर पडतात आणि तेवढ्यावर पोर खूष. ताल आधी, अर्थ आला तर मागून. ही आजीची शाळा, तिला फी नव्हती.

मग छापील मजकूर आला आणि त्याच्याबरोबर उपदेशही आला. विनायक कोंडदेव ओकांनी १८८१ साली मुंबईतून 'बालबोध' मासिक सुरू केलं, मुलांसाठी मराठीत एकहाती केवढं काम केलंय त्या माणसाने, पण तो काळच असा की मुलाच्या हातात काही द्यायचं म्हणजे त्यातून त्याने शहाणं व्हायचं, लवकर उठायचं, खरं बोलायचं वगैरे. नाही म्हणायला त्याच शतकात कवी दत्त होऊन गेले, दत्तात्रय कोंडो घाटे, १८७५ चा जन्म आणि १८९९ ला गेले, पंचविशीही गाठली नाही. त्यांची 'मोत्या शीक रे अ आ ई' आठवते का? त्यात मूलच मास्तर होऊन कुत्र्याला शिकवतं! मला ही कविता फार लबाड वाटते, म्हणजे चांगल्या अर्थाने, कारण शिकवण्याचीच गंमत केलीय आणि कुणाला पत्ता लागू दिला नाही. गंमत पुढे अशी की त्यांचेच चिरंजीव वि. द. घाटे शिक्षणखात्यात गेले आणि आचार्य अत्र्यांबरोबर नवयुग वाचनमालेच्या कामात होते, म्हणजे बापाने कविता केली आणि मुलाने क्रमिक पुस्तकाचा दरवाजा जरा उघडला. दादरला ताराबाई मोडकांचं शिशुविहार सुरू झालं तेही त्याच सुमारास, तीसच्या दशकात. तिथे बालशिक्षणात गाणी, गोष्टी, खेळ यांना मान होता, छडीला नव्हता.

पण खरा उलटापालट केला तो विंदांनी. गोविंद विनायक करंदीकर, १९१८ चा जन्म, कोकणातलं धालवल गाव, पेशाने इंग्रजीचे प्रोफेसर, मुंबईत रुईया, एसआयईएस वगैरे कॉलेजांत शिकवायचे आणि राहायला वांद्र्याच्या साहित्य सहवासात. (याच कॉलनीत कीर्ती कॉलेजचे प्राध्यापक आणि कवी रमेश तेंडुलकरही राहायचे. लेखकांच्या कॉलनीतलं सगळ्यात फेमस पोर शेवटी बॅट घेऊन निघालं ते सोडा.)

तर विंदांच्या पुस्तकांच्या तारखा एकदा शेजारी शेजारी लावून बघा. १९६१ ला 'राणीची बाग' आणि 'एकदा काय झाले', १९६३ ला 'सशाचे कान' आणि 'एटू लोकांचा देश', इथपर्यंत ठीक. पण १९६५ ला जर्मन कवी गटेच्या 'फाउस्ट' या नाटकाचं भाषांतर आणि त्याच वर्षी 'परी गं परी'. १९७४ ला शेक्सपिअरचा 'राजा लिअर' मराठीत आणि त्याच वर्षी 'अजबखाना'. १९८१ ला ज्ञानेश्वरांच्या अमृतानुभवाचं अर्वाचीनीकरण, म्हणजे ते आजच्या मराठीत आणणं, आणि त्याच वर्षी 'पिशीमावशी आणि तिची भुतावळ'! म्हणजे एकाच टेबलावर एका बाजूला अद्वैत आणि दुसऱ्या बाजूला भुतं. पोरांच्या कविता हा रविवारचा टाइमपास असता तर असं दर वेळी झालं नसतं, आणि २००३ सालचं ज्ञानपीठ मिळालं तेव्हा जो तो 'स्वेदगंगा', 'मृद्गंध', 'अष्टदर्शने' या त्यांच्या मोठ्यांच्या कवितांवर बोलत होता, पिशीमावशीचं नाव घेतलं तरी शेवटी, जाता जाता, मला तेव्हा जाम राग आलेला.

दुसरं म्हणजे आवाज. विंदा, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर, हे तिघं गावोगाव जाऊन स्टेजवर कविता म्हणायचे आणि लोक नाटकाला यावं तसे यायचे. बापट राष्ट्र सेवादलाच्या कलापथकातले, त्यामुळे समोरच्या पब्लिकला कसं धरायचं ते त्यांना पक्कं ठाऊक, मुलांसाठी त्यांनीही भरपूर लिहिलं. पाडगावकरांचा 'भोलानाथ' तर सांगायलाच नको, शाळेभोवती तळं साचून सुट्टी मिळेल का म्हणे, मुंबईत जुलैमध्ये हे भोलानाथला विचारायची गरजच पडत नाही. पण मुद्दा असा की कविता आधी कानाने घ्यायची असते हे या तिघांनी मोठ्यांनाही परत शिकवलं, आणि आजी काय वेगळं करत होती?

पुढे १९६७ ला बालभारती झाली, १९७१ ला तिचं 'किशोर' मासिक निघालं, चांगल्या कविता गावातल्या शाळेपर्यंत पोचल्या, हे मोठंच काम. फक्त पुस्तकात कविता आली की तिच्या खाली स्वाध्याय येतो, 'कवीला काय म्हणायचे आहे?' येतं, आणि मग अडम तडमचा अर्थ काय हे पोराने चार ओळीत लिहायचं!

म्हणून आमच्याकडे शनिवारी अर्थ विचारायला बंदी आहे. आधी टाळ्या, मग चालत चालत म्हणायची, मग एखादा शब्द काढून आपला घालायचा. मागच्या महिन्यात भायखळ्याला राणीच्या बागेत जाऊन आलो, १८६२ पासूनची बाग, तिथे २०१६ पासून पेंग्विन आहेत जे विंदांच्या पुस्तकाच्या वेळी नव्हते, तर म्हटलं तुम्हीच घाला त्यांना कवितेत. तिसरीतला एक, जो एरवी तोंड उघडत नाही, त्याने बसमध्येच ओरडून सांगितलं, "पेंग्विन बसला एसीत गार, हत्ती म्हणाला माझं काय यार!" कंडक्टरने तिकीट फाडता फाडता विचारलं, पुढची ओळ काय रे?

तो अजून शोधतोय.