आगीकडे पाठ करून उभा राहणारा स्वयंसेवक: अमेरिकेतल्या फायर पोलिसांची पार्श्वभूमी

पेनसिल्व्हेनियातल्या चेस्टर काउंटीत एक्स्टन, लायनव्हिल, डाउनिंगटाउन हा पट्टा आहे. तिथे आता मराठी घरंही आहेत, आणि तिथे राहणाऱ्याची फायर पोलिसांशी कधी ना कधी गाठ पडतेच. संध्याकाळी घराकडे वळायच्या रस्त्यावर एखादी गाडी आडवी लावलेली असते, तिच्यावर निळे दिवे लुकलुकत असतात आणि चकाकत्या पोपटी जॅकेटातले साठीपलीकडचे एक गृहस्थ हातातली लाल दिव्याची कांडी हलवून गाड्या दुसरीकडे वळवत असतात. पुढे आग आहे, अपघात आहे की झाड पडलंय, ते दिसत नाही. 'माझं घर तर इथेच आहे' असं म्हटलं तरी ते ऐकत नाहीत, आणि लोकांचा पारा चढतो.

हे गृहस्थ पोलीस खात्यातले नाहीत, आणि नळी घेऊन आगीत शिरणारेही नाहीत. गावच्या स्वयंसेवी फायर कंपनीचे, म्हणजे गावच्या अग्निशमन पथकाचे, ते सभासद. पगार नाही. पण शपथ घेतलेली असते, बिल्ला असतो, आणि त्यांचा इशारा मोडला तर कायदा आडवा येतो. मोटारी वाढल्या म्हणून ही शाखा निघाली, असं साधारणपणे सांगितलं जातं. मला ते अर्धंच खरं वाटतं. आगीच्या जागेचा बंदोबस्त ठेवणं हे काम अमेरिकेत मोटारींच्या दोनशे वर्षं आधीपासून चालत आलं आहे. बदललं ते एवढंच, की बंदोबस्त कोणापासून ठेवायचा.

सुरुवात बोस्टनपासून करावी लागते. ऑक्टोबर १७११ मध्ये तिथे मोठी आग लागली आणि शहराच्या मध्यभागातला बराच भाग जळाला. आगीमागून नेहमीची दोन संकटं आली, गोंधळ आणि चोरी. लोक घरातलं सामान रस्त्यावर आणून टाकत आणि ते तिथूनच पसार होई. त्यानंतर जो कायदा झाला त्यात 'फायरवॉर्ड' नावाचे अधिकारी नेमायची तरतूद होती. त्यांची ओळख म्हणजे पाच फूट लांबीची लाल काठी, टोकाला सहा इंचांचं पितळी शिखर. ती काठी हातात असलेला माणूस कोणालाही मदतीला जुंपू शकत होता, सामानावर पहारा बसवू शकत होता आणि दंगा मोडू शकत होता.

पहाऱ्याचं समजतं, पण गर्दीवर एवढा जोर का, याचं उत्तर तेव्हाच्या आग विझवण्याच्या पद्धतीत आहे. हातपंपाच्या बंबात पाणी यायचं ते कातडी बादल्यांतून. विहिरीपासून बंबापर्यंत माणसांच्या दोन रांगा लागत. एकीतून भरलेल्या बादल्या पुढे जात, दुसरीतून रिकाम्या मागे येत. बघ्यांची गर्दी त्या रांगेत घुसली की पाणी थांबलं. म्हणजे माणसांना बाजूला सारून वाट मोकळी ठेवणं हा आग विझवण्याचाच भाग होता, शेजारचं वेगळं काम नव्हतं.

बेंजामिन फ्रँकलिन मूळचा बोस्टनचा. ती आग लागली तेव्हा तो पाच वर्षांचा होता. पुढे फिलाडेल्फियात छापखाना चालवताना, फेब्रुवारी १७३५ मध्ये, त्याने आपल्याच पेनसिल्व्हेनिया गॅझेटमध्ये शहराच्या आगीपासून बचावाबद्दल एक पत्र छापलं. पत्र लिहिणारा म्हणे कोणी म्हातारा नागरिक. फ्रँकलिन तेव्हा एकोणतीस वर्षांचा होता. औंसभर खबरदारी ही पौंडभर उपचाराच्या तोडीची, हे त्याचं गाजलेलं वाक्य याच पत्रातलं. लोकांना ते वाक्य आठवतं. त्याच पत्रात शेजारच्या प्रांतातल्या त्या लाल काठीवाल्यांचं सविस्तर वर्णन आहे, ते कोणी सांगत नाही. हे लोक छपरं फोडायला सांगतात, बंबाचं पाणी कुठे मारायचं ते ठरवतात, गर्दीतून वाट करवून घेतात आणि त्यांचं ऐकलं जातं, असं त्याने कौतुकाने लिहिलं आहे.

मग ७ डिसेंबर १७३६ रोजी युनियन फायर कंपनी उभी राहिली. सभासदांची संख्या मर्यादित. तिचा करारनामा आजही वाचायला मिळतो, आणि त्यातली यादी पाहिली की तेव्हाचा भर कशावर होता ते कळतं. प्रत्येकाने स्वखर्चाने दोन कातडी बादल्या आणि चार कापडी पिशव्या ठेवायच्या. बादल्यांपेक्षा पिशव्या दुप्पट! प्रत्येक पिशवीला निदान चार वार कापड, तोंडाशी ओढायची दोरी, वर मालकाची आद्याक्षरं. आग लागली की धावत जायचं, सभासदाचं सामान पिशव्यांत भरायचं आणि सुरक्षित जागी हलवायचं. आणि संशयास्पद माणसं आत जाऊ नयेत किंवा काही घेऊन बाहेर पडू नयेत म्हणून आपल्यातल्या दोघांनी दारापाशी सतत उभं राहायचं, हे कलम स्पष्ट लिहिलेलं आहे. सामान जिथे नेऊन ठेवाल तिथेही मालकाच्या ताब्यात जाईपर्यंत कोणीतरी थांबायचं.

दारावरचे हे दोघे मला आजच्या फायर पोलिसांचे खरे पूर्वज वाटतात. आग पलीकडे पेटलेली आहे आणि आपण मुद्दाम तिच्याकडे पाठ करून येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघत उभं राहायचं, हे काम तिथेच पहिल्यांदा नीट वाटून दिलेलं दिसतं.

एकोणिसाव्या शतकात शहरांमध्ये हा प्रकार बिघडला. फिलाडेल्फियातल्या स्वयंसेवी कंपन्या वाढत गेल्या आणि एकमेकींच्या जिवावर उठल्या. पाण्याचा हायड्रंट आधी कोणाच्या हाती लागतो यावरून मारामाऱ्या होत आणि त्यात गल्लीतल्या टोळ्याही उतरत. जागेचा बंदोबस्त ज्यांनी ठेवायचा तेच दंगा करू लागले म्हटल्यावर त्यांचे दिवस भरले. न्यूयॉर्कने १८६५ मध्ये आणि फिलाडेल्फियाने १८७१ मध्ये पगारी अग्निशमन दलं उभी केली. गर्दी आवरायला शहर पोलीस होतेच. सामान वाचवायचं काम विमा कंपन्यांनी उचललं. न्यूयॉर्कची फायर पेट्रोल ही विमावाल्यांची तुकडी १८३९ पासून होती. ताडपत्र्या टाकून माल वाचवणारी ही माणसं थेट २००६ पर्यंत काम करत होती.

खेड्यांत आणि छोट्या गावांत मात्र ना विमा कंपन्यांची तुकडी होती, ना पुरेसे पोलीस. पेनसिल्व्हेनियात तर प्रशासनाचे तुकडे विलक्षण लहान आहेत. राज्यात अडीच हजारांहून जास्त स्वतंत्र नगरं, बरो आणि टाउनशिप आहेत आणि त्यातल्या जवळपास निम्म्यांना आजही स्वतःचं पोलीस दल नाही. तिथे राज्य पोलीस येतात, ते वाट काढत काढत. फायर कंपनी मात्र गावोगावी. फायर पोलीस याच राज्यात इतके का रुजले याचं कारण परंपरेपेक्षा या नकाशात जास्त आहे, असं माझं मत आहे.

मोटार आली आणि बघ्यांना चाकं लागली. फोर्डची मॉडेल टी १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटीच्या घरात खपली. फायर हाउसच्या छपरावरचा भोंगा स्वयंसेवकांना बोलवायला वाजायचा, पण तो साऱ्या गावालाच ऐकू जायचा, आणि बंबामागे गाड्यांची वरात निघायची. धावणाऱ्या बंबामागे पाचशे फुटांच्या आत गाडी आणू नका, असा नियम पेनसिल्व्हेनियाच्या वाहन कायद्यात आहे. तो या सवयीवरचाच उतारा.

दुसरा नियम नळीवरून गाडी न नेण्याचा, आणि तो का आहे ते जवळून बघण्यासारखं आहे. हायड्रंटपासून बंबापर्यंत पाणी आणणारी नळी पाच इंच व्यासाची असू शकते. पाण्याने भरली की ती रस्त्यावर आडव्या ओंडक्यासारखी टणक होते. घाईतला कोणी तिच्यावरून गाडी घालतो, मधला धातूचा जोड गाडीच्या पोटाला अडकतो आणि नळी ओढली जाते किंवा फुटते. त्या क्षणी घराच्या आत धुरात गुडघ्यांवर रांगत असलेल्या दोघांच्या हातातलं पाणी बंद पडतं. जिथे हायड्रंटच नाहीत अशा भागात टँकरच्या फेऱ्या लावून तळ्यातून किंवा ओढ्यातून पाणी आणतात. तिथे टँकरला येण्या-जाण्याचा रस्ता मोकळा ठेवणं म्हणजे पाणीपुरवठाच चालू ठेवणं. बादल्यांच्या रांगेचं काम टँकरच्या रांगेवर आलं, एवढंच.

१ ऑक्टोबर १९४० रोजी पेनसिल्व्हेनिया टर्नपाइक या टोल महामार्गाचा पहिला १६० मैलांचा टप्पा खुला झाला. सुरुवातीला त्यावर वेगमर्यादाही नव्हती. त्यानंतर वर्षभराच्या आत, जून १९४१ मध्ये, राज्याने विशेष फायर पोलिसांचा कायदा केला. या दोन गोष्टींचा थेट संबंध होता असं मी म्हणणार नाही, पण काळ कोणता होता ते त्यावरून दिसतं.

या कायद्याची रचना मोठी चतुर आहे. नाव सुचवायचं फायर कंपनीने, मान्यता द्यायची स्थानिक प्रशासनाने, मग शपथ. अधिकार कोणते, तर वाहतूक नियंत्रण, गर्दी आवरणं आणि अग्निशमनाच्या कामात अडथळा येऊ नये म्हणून लागतील तेवढे पोलिसी अधिकार. कामावर असताना बिल्ला दिसला पाहिजे. आणि फायर कंपनीचा माणूस असूनही जागेवर तो चालतो पोलीसप्रमुखाच्या हुकमतीखाली, तो नसेल तिथे राज्य पोलिसांच्या. अंगावर दोन खात्यांच्या जबाबदाऱ्या, आणि पगार एकाचाही नाही.

न्यूयॉर्क, न्यू जर्सी, कनेटिकट, डेलावेअर, मेरीलँड या शेजारच्या राज्यांतही कमीअधिक फरकाने अशी पथकं कायद्यात बसली. अमेरिकेबाहेर न्यूझीलंडमध्ये फायर पोलीस होते. तिथे आता हे काम 'ऑपरेशनल सपोर्ट' या नावाखाली चालतं. आपल्याकडे अग्निशमन दलात अशी स्वयंसेवी शाखा नाही. मुंबईत डिसेंबर १९४६ मध्ये सुरू झालेलं होमगार्ड दल हे त्याच्या जवळचं, पण ते पोलिसांच्या जोडीला उभं राहतं, बंबाच्या नाही.

पुढची पन्नासेक वर्षं ही शाखा फायर हाउसात थोडी दुय्यमच राहिली. गुडघे गेले, दम लागायला लागला, आता आत शिरता येत नाही, मग घे जॅकेट आणि रस्त्यावर कोन (शंकू) लाव, असा प्रकार. जुन्याजाणत्यांना कंपनीत गुंतवून ठेवायचा हा मार्ग म्हणून चांगला होता. पण त्यामागे एक समज दडलेला होता, की रस्त्यावर उभं राहणं हे सोपं आणि सुरक्षित काम.

तो समज ज्या रात्री मोडला ती याच लायनव्हिलची. ९ मार्च १९९८ रोजी लायनव्हिल फायर कंपनीचे लोक टर्नपाइकवर अपघाताच्या जागी काम करत असताना एक अवजड ट्रक थेट त्यांच्यात घुसला. एकाचा मृत्यू झाला आणि अनेक जण जखमी झाले. आग नव्हती, इमारत कोसळली नव्हती. मारेकरी होता चालता रस्ता. या घटनेनंतर कंबरलँड व्हॅली व्हॉलंटियर फायरमेन्स असोसिएशनने रस्त्यावरच्या बचावकर्त्यांच्या सुरक्षेसाठी वेगळी संस्था काढली, ती इमर्जन्सी रिस्पॉन्डर सेफ्टी इन्स्टिट्यूट. आज देशभर या विषयावर जे प्रशिक्षण चालतं त्यातलं बरंच तिथून आलेलं आहे.

त्या सुमाराला बाकीही हालचाल सुरू होतीच. थांबलेल्या आपत्कालीन वाहनाजवळ वेग कमी करून लेन सोडण्याचा कायदा साउथ कॅरोलिनाने १९९६ मध्ये केला आणि २०१२ पर्यंत तो पन्नासही राज्यांत पोहोचला. वाहतूक चिन्हांच्या राष्ट्रीय नियमावलीत अपघाताच्या जागेसाठी स्वतंत्र प्रकरण आलं, आणि त्यासाठीच्या पाट्यांना झगझगीत गुलाबी रंग ठरला, रस्तेदुरुस्तीच्या नारिंगी पाट्यांपेक्षा वेगळा. नोव्हेंबर २००८ पासून केंद्राच्या निधीतल्या महामार्गांवर काम करणाऱ्याला चकाकतं जॅकेट सक्तीचं झालं. २०१५ मध्ये एनएफपीए (नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशन) या आगसुरक्षेची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने वाहतूक नियंत्रण करणाऱ्यांच्या पात्रतेसाठी १०९१ क्रमांकाचं मानक काढलं. आता पोलीस, अग्निशमन, टोइंगवाले, रुग्णवाहिका या सगळ्यांनी एकत्र घ्यायचा चार तासांचा अभ्यासक्रमही आहे. बंब तिरका लावून मागच्या माणसांना आडोसा कसा करायचा, कोन कुठून सुरू करून लेन हळूहळू कशी बंद करायची, उतारापलीकडून येणाऱ्याला आधीच सावध कसं करायचं, आणि येणाऱ्या गाड्यांकडे पाठ कधीच का करायची नाही, हे सगळं त्यात शिकवतात.

आजची अडचण माणसांची आहे. पेनसिल्व्हेनियात १९७०च्या दशकात स्वयंसेवी अग्निशामक तीन लाखांच्या आसपास होते. राज्य सिनेटने नेमलेल्या आयोगाच्या २०१८च्या अहवालात तो आकडा साधारण अडतीस हजारांवर आलेला दिसतो. लोक कामासाठी लांब जातात, दोन-दोन नोकऱ्या करतात, आणि प्रशिक्षणाचे तास वाढले आहेत. फायर पोलीस होण्यासाठी श्वसनयंत्र पाठीवर घेऊन शिडी चढावी लागत नाही, त्यामुळे ज्यांना आगीत शिरायचं नाही पण गावासाठी काही करायचं आहे अशांना कंपन्या आता थेट याच कामासाठी बोलावतात. तरीही एका कंपनीकडे चार चौक बंद करण्याएवढी माणसं क्वचितच निघतात. म्हणून मोठ्या अपघाताचा कॉल आला की शेजारच्या दोन-तीन कंपन्यांचे फायर पोलीस एकदमच मागवतात, आणि आपल्या हद्दीबाहेर बोलावणं आलं तरी त्यांचा अधिकार कायद्याने तिथे चालतो.