प्रजननसंप्रेरकांचे प्रतिरक्षामापन

प्रतिपिंडांच्या (अँटिबॉडींच्या) विशिष्ट बंधनक्षमतेचा उपयोग करून रक्तजलातील (सीरममधील) प्रजननसंप्रेरकांचे प्रमाण ठरविण्याची प्रयोगशाळा-पद्धत. तिच्या कक्षेत एफएसएच (पुटक-उद्दीपक संप्रेरक), एलएच (पीतपिंडकारी संप्रेरक), प्रोलॅक्टिन व एचसीजी (गर्भारपणी वारेतून स्रवणारे) ही प्रथिनस्वरूप संप्रेरके आणि इस्ट्रॅडिऑल, प्रोजेस्टेरॉन व टेस्टोस्टेरॉन ही स्टेरॉइड संप्रेरके येतात. यांपैकी इस्ट्रॅडिऑल रक्तात इतके अल्प असते की ते मिलीलिटरमागे पिकोग्रॅममध्ये, म्हणजे ग्रॅमच्या लाख कोटीव्या भागात सांगावे लागते. नेहमीच्या रासायनिक विश्लेषणाच्या आवाक्याबाहेरची ही मात्रा प्रतिपिंडांमुळे मोजता येऊ लागली.

त्यापूर्वीचे मापन प्राण्यांवर अवलंबून होते. बर्लिनमध्ये आशहाइम आणि झोंडेक यांनी 1927-28 च्या सुमारास प्रचारात आणलेल्या गर्भचाचणीत स्त्रीचे मूत्र अपक्व उंदरीला टोचून काही दिवसांनी तिच्या अंडाशयांतील बदल पाहत. एफएसएचसाठी 1953 पासून स्टीलमन व पोहली यांची, उंदरीच्या अंडाशयाच्या वजनवाढीवर आधारलेली चाचणी रूढ झाली. एफएसएच व एलएच आजही आंतरराष्ट्रीय एककांत सांगितले जातात, याचे मूळ या जैवमापनात आहे: ते एकक वजनाचे नसून क्रियाशीलतेचे आहे.

प्रतिरक्षामापनाचे श्रेय सामान्यतः न्यूयॉर्कच्या ब्राँक्स येथील माजी सैनिकांच्या रुग्णालयातील सॉलोमन बर्सन आणि रोझलिन यॅलो यांना दिले जाते. त्यांचा मूळ विषय प्रजननाचा नव्हता. इन्शुलिन घेणाऱ्या मधुमेह्यांच्या रक्तातून किरणोत्सर्गी आयोडीनने अंकित केलेले इन्शुलिन अपेक्षेहून सावकाश नाहीसे होते, असे त्यांना आढळले व त्याचे कारण इन्शुलिनविरोधी प्रतिपिंडे असल्याचा निष्कर्ष त्यांनी काढला. एवढा लहान रेणू प्रतिपिंडे निर्माण करू शकतो हे त्या काळी सहजी मान्य होण्यासारखे नव्हते. त्यांचा लेख प्रथम नाकारला गेला आणि 1956 मध्ये छापला गेला तेव्हा शीर्षकात ‘प्रतिपिंड’ऐवजी ‘इन्शुलिन बांधणारे ग्लोब्युलिन’ असा मवाळ शब्दप्रयोग होता. नकाराचे ते पत्र यॅलो यांनी पुढे नोबेल व्याख्यानात दाखविले. याच प्रतिपिंडांच्या साहाय्याने इन्शुलिन मोजण्याच्या पद्धतीचे सविस्तर वर्णन 1960 मध्ये प्रसिद्ध झाले. बर्सन 1972 मध्ये वारले; 1977 चे नोबेल पारितोषिक यॅलो यांना गिलमँ व शॅली यांच्यासमवेत मिळाले.

मात्र 1960 मध्येच लंडनमध्ये रॉजर एकिन्स यांनी थायरॉक्सिन (थायरॉइड ग्रंथीचे संप्रेरक) मोजण्यासाठी याच तत्त्वाची पद्धत प्रसिद्ध केली होती. मर्यादित बंधनजागांसाठी अंकित आणि अनंकित रेणूंमध्ये होणारी स्पर्धा हाच तिचाही पाया होता. फरक इतकाच की एकिन्स यांचा बंधक प्रतिपिंड नसून रक्तातील थायरॉक्सिनवाहक प्रथिन होते. तत्त्वाचे जनकत्व कोणाचे, यावर दुमत आहे. तत्त्व दोन्हीकडे स्वतंत्रपणे उदयास आले, परंतु प्रतिपिंडाच्या निवडीमुळे ते जवळजवळ कोणत्याही रेणूला लागू करता आले, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

प्रजननसंप्रेरकांकडे प्रतिपिंड वळले ते प्रथम मूत्रपरीक्षेतून. स्वीडनमधील वीडे व गेमझेल यांच्या 1960 च्या चाचणीत एचसीजीचा लेप दिलेल्या मेंढीच्या तांबड्या पेशी वापरीत. मूत्रात एचसीजी असल्यास ते प्रतिपिंडांना गुंतवून ठेवी, पेशी एकमेकींस चिकटत नसत आणि नळीच्या तळाशी स्पष्ट कडे दिसे. कडे म्हणजे गर्भधारणा. परंतु ती प्रतिपिंडे एलएचलाही बांधत, म्हणून चाचणीची संवेदनक्षमता मुद्दाम कमी ठेवावी लागे. या संप्रेरकांची अल्फा साखळी समान असून भेद बीटा साखळीत असतो. अमेरिकेत वैतुकैतिस, ब्राउनस्टाइन व रॉस यांनी 1972 मध्ये बीटा साखळीविरोधी प्रतिपिंडांवर आधारलेले मापन मांडले, तेव्हा एलएचच्या उपस्थितीतही अत्यल्प एचसीजी ओळखणे शक्य झाले. प्रयोगशाळेच्या अहवालातील ‘बीटा एचसीजी’ हे नाव तेथूनच आले.

स्टेरॉइडांची अडचण वेगळी होती. हे रेणू इतके लहान की स्वबळावर प्रतिपिंडे उत्पन्न करीत नाहीत; त्यांना गाईच्या अल्ब्युमिन या रक्तप्रथिनाशी जोडून प्राण्यांना टोचावे लागते. अशी संयुगे अर्लांगर व सहकाऱ्यांनी 1957 मध्ये तयार केली, आणि गाय एब्राहम यांनी 1969 मध्ये इस्ट्रॅडिऑलचे किरणोत्सर्गी प्रतिरक्षामापन प्रसिद्ध केले. येथे जोड कोणत्या कार्बनावर आहे याला फार महत्त्व आहे, कारण जोडाजवळचा भाग प्रतिपिंडाला नीट दिसत नाही. टेस्टोस्टेरॉन तिसऱ्या कार्बनावर जोडल्यास मिळणारी प्रतिपिंडे डायहायड्रोटेस्टोस्टेरॉनशीही जोराने बांधली जातात, कारण दोहोंतील फरक कार्बनांच्या त्याच कड्यात आहे. इस्ट्रॅडिऑल सहाव्या कार्बनावर जोडले की तिसऱ्या व सतराव्या कार्बनावरील हायड्रॉक्सिल गट मोकळे राहतात व प्रतिपिंड अधिक काटेकोर होते. आरंभीच्या पद्धतींत स्टेरॉइड आधी ईथरसारख्या द्रावकाने वेगळे काढीत. पुढे थेट रक्तजलावर चालणाऱ्या पद्धती आल्या, वेळ वाचला, पण विशिष्टता घटली. पुरुषांच्या टेस्टोस्टेरॉनसाठी त्या बहुधा पुरेशा ठरतात. स्त्रियांत त्याचे प्रमाण दहाव्या हिश्श्याहूनही कमी असल्याने तेथे आकडा सावधपणे घ्यावा लागतो, आणि शक्य असेल तेथे वस्तुमान वर्णपटमापन (मास स्पेक्ट्रोमेट्री) श्रेयस्कर. स्तनकर्करोगावरील फुल्व्हेस्ट्रंट हे औषध इस्ट्रॅडिऑलच्या सांगाड्यावर बेतलेले असल्यामुळे काही चाचणी-संचांत (किटमध्ये) तेच इस्ट्रॅडिऑल म्हणून मोजले जाते.

किरणोत्सर्गी खुणेची जागा 1971 पासून विकरांनी (एन्झाइमांनी) घेण्यास सुरुवात केली. स्टॉकहोममधील एंगवाल व पर्लमान आणि नेदरलँड्समधील व्हान वीमेन व स्खुर्स यांचे लेख त्याच वर्षी आले. दुसऱ्या गटाचे मापन एचसीजीचेच होते. कोहलर व मिलस्टाइन यांच्या 1975 मधील एककृंतक (मोनोक्लोनल) प्रतिपिंडांनंतर प्रथिनसंप्रेरकांसाठी दोन प्रतिपिंडांमध्ये संप्रेरक धरणारी ‘सँडविच’ पद्धत रूढ झाली. तीत संकेत संप्रेरकाबरोबर वाढतो; स्पर्धात्मक पद्धतीत तो घटतो. स्टेरॉइडाच्या लहान रेणूवर दोन प्रतिपिंडांना एकाच वेळी जागा मिळत नसल्याने तेथे स्पर्धात्मक पद्धतच चालू राहिली. सध्याच्या स्वयंचलित यंत्रांत बहुधा रासायनिक प्रकाशनिर्मितीची खूण असते.

सँडविच पद्धतीत संप्रेरक अतोनात असल्यास दोन्ही प्रतिपिंडे वेगवेगळ्या रेणूंवर अडकतात व आकडा फसवा कमी येतो. पिट्यूटरी ग्रंथीच्या मोठ्या अर्बुदात (गाठीत) प्रोलॅक्टिन जेमतेम वाढलेले दिसले, तर नमुना शंभरपट विरल करून पुन्हा तपासतात. उलट, प्रतिपिंडाला चिकटलेले ‘मॅक्रोप्रोलॅक्टिन’ क्रियाशीलता फारशी नसताना आकडा वाढविते. ते पॉलिएथिलीन ग्लायकॉलने खाली बसवून उरलेले मोजतात. रुग्णाच्या रक्तातील प्राणिप्रथिनविरोधी प्रतिपिंडे सँडविचची दोन टोके परस्पर जोडू शकतात. अशा आभासी एचसीजीवरून अमेरिकेत काही स्त्रियांवर अनावश्यक कर्करोगोपचार झाल्याचे 1990 च्या दशकाच्या अखेरीपासून नोंदले गेले. ही प्रतिपिंडे मूत्रात सहसा उतरत नाहीत, म्हणून रक्तात एचसीजी आणि मूत्रात काहीच नाही, ही विसंगती निदानास उपयोगी पडते. केसांसाठी घेतलेल्या बायोटिन या जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेमुळे, बायोटिन-स्ट्रेप्टॅव्हिडिन या एकमेकांना घट्ट चिकटणाऱ्या जोडीवर चालणाऱ्या संचांत एफएसएच खोटे कमी आणि इस्ट्रॅडिऑल खोटे जास्त दिसू शकते.

भारतात किरणोत्सर्गी प्रतिरक्षामापनाच्या प्रसारात मुंबईच्या परळ येथील रेडिएशन मेडिसिन सेंटर या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या संस्थेचा वाटा आहे. आयोडीन-125 चा अर्धायुःकाल सुमारे 60 दिवस असल्याने संच फार काळ साठविता येत नसत.

नमुना घेण्याचे संकेत (एफएसएच व एलएच पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, प्रोजेस्टेरॉन पुढील पाळीच्या सुमारे सात दिवस आधी, टेस्टोस्टेरॉन सकाळी) सर्वत्र जवळपास सारखेच आहेत. संदर्भमर्यादा मात्र संचागणिक बदलतात, त्यामुळे एकाच रुग्णाचे क्रमवार मापन एकाच पद्धतीने करण्याचा प्रघात आहे.