‘गेलो होतो’ आणि ‘हॅड गॉन’

कापसाची वेचणी सुरू झाली की आमच्या यवतमाळ जिल्ह्यातील खेड्यांमधल्या शाळांत रजेचे अर्ज वाढतात, आणि आठवी-नववीच्या मुलांनी इंग्रजीत लिहिलेल्या त्या अर्जांत एक वाक्य हमखास सापडते : ‘येस्टरडे आय हॅड गॉन टु द फील्ड.’ पूर्वी राज्यात इंग्रजी पाचवीपासून असे, 2000 साली ती पहिलीपासून आली. चार वर्षे आधी सुरुवात होऊनही या वाक्यात काही फरक पडलेला मी पाहिला नाही. मी त्यातल्या ‘हॅड’खाली लाल रेघ मारत असे आणि मुलगा ती रेघ पाहून गोंधळत असे. त्याच्या मनातले वाक्य ‘काल मी वावरात गेलो होतो’ हे असते, आणि काळांच्या तक्त्यात ‘गेलो होतो’च्या समोर ‘हॅड गॉन’ हेच छापलेले असते. माझ्या मते यात मुलापेक्षा तक्त्याचा दोष मोठा आहे.

दोन्ही रूपांची घडण सारखी दिसते, पण त्यांना नेमून दिलेली कामे वेगळी आहेत. ओसरीवरून कोणी ‘पाहुणे आले’ असे सांगितले तर आत चहाचे आधण चढते, कारण पाहुणे दारात उभे आहेत. ‘पाहुणे आले होते’ असे सांगितले तर आधण ठेवायचे कारण उरत नाही; ते येऊन गेले, असा अर्थ न सांगता कळतो. म्हणजे मराठीतले ‘होते’ पुष्कळदा घडलेली गोष्ट आणि आत्ताची वेळ यांच्यात अंतर पाडते, आणि त्यासाठी त्याला दुसऱ्या कुठल्याही घटनेचा आधार लागत नाही. इंग्रजीतल्या ‘हॅड’ला मात्र तो आधार लागतो. भूतकाळातील एका क्षणी उभे राहून त्याच्याही मागे पाहायचे असेल तेव्हाच ते येते, आणि तो क्षण वाक्यात किंवा आजूबाजूला सापडला नाही तर ऐकणारा थांबून राहतो : कशाच्या आधी? म्हणून पाहुणे कालच येऊन गेले असतील तर इंग्रजीत ‘गेस्ट्स केम येस्टरडे’ एवढेच पुरते.

एसटीच्या थांब्यावर हा फरक चांगला कळतो. ‘व्हेन आय रीच्ड द स्टँड, द बस लेफ्ट’ असे म्हणणाऱ्याने गाडी सुटताना पाहिली आहे. हात दाखवून धावत गेला असता तर ती कदाचित त्याला मिळालीही असती. ‘व्हेन आय रीच्ड द स्टँड, द बस हॅड लेफ्ट’ असे म्हणणाऱ्याला मोकळा थांबा आणि खाली बसत असलेली धूळ दिसली. या ठिकाणी मराठीही ‘गाडी सुटली होती’ असेच म्हणते, म्हणजे दोन्ही भाषा येथे एका रेषेत येतात. आणि नेमकी हीच जुळणी पाहून मुले सगळीकडे तोच नियम लावतात.

सर्वनामांच्या बाबतीत इंग्रजीचे ‘हॅड’ सोपे वाटते. ‘हॅज’ आणि ‘हॅव’ यांच्यात अडखळणाऱ्या मुलांना आय, यू, ही, शी, इट, दे या सर्वांना एकच ‘हॅड’ चालते हे कळले की हायसे वाटते. मात्र त्याची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. मराठीत ‘आली होती’ एवढे म्हटले तरी येणारी बहुधा एकटी स्त्री आहे हे क्रियापद सांगून टाकते, म्हणून ‘ती’ गाळता येते. इंग्रजीत ‘हॅड कम’ यातून काहीच कळत नाही, तेव्हा ‘शी’ लिहावेच लागते. त्यातही ‘भाकर खाल्ली होती’ यासारख्या वाक्यात क्रियापद भाकरीचे लिंग घेते, खाणाऱ्याचे घेत नाही. त्यामुळे ‘ही’ लिहायचे की ‘शी’ हे तेथे क्रियापदाला विचारून उपयोग नसतो, मागचे वाक्य पाहावे लागते.

खरी गंमत जोडलेल्या क्रियापदांची आहे. ‘ती थैली घेऊन घरी गेली होती’ या वाक्यात ‘होती’ शेवटी बसते आणि तिथून मागच्या ‘घेऊन’वरही तिची सत्ता चालते. इंग्रजीत ‘शी हॅड टेकन द बॅग अँड गॉन होम’ असे होते. येथे ‘हॅड’ आरंभी बसते आणि पुढच्या दोन्ही क्रियापदांना पुरते. मराठीच्या सवयीने मुले ते शेवटच्या क्रियापदाला जोडतात आणि ‘शी टुक द बॅग अँड हॅड गॉन होम’ असे उलटे वाक्य तयार होते, ज्यात जाणे थैली घेण्याच्याही आधीचे ठरते.

‘हॅड’ची सत्ता कुठवर चालते हे ‘गॉन’ आणि ‘वेन्ट’ यांसारख्या वेगळ्या रूपांवरून लगेच कळते. ‘पिक्ड’, ‘वेइड’ यांची दोन्ही रूपे सारखी असल्याने तेथे सर्वनामाकडे पाहावे लागते. ‘व्हेन द ट्रेडर केम, शी हॅड पिक्ड द कॉटन अँड वेइड इट’ याचा सरळ अर्थ असा, की व्यापारी येण्यापूर्वी कापूस वेचूनही झाला होता आणि घरच्या काट्यावर मोजूनही झाला होता. ‘शी हॅड पिक्ड द कॉटन, अँड शी वेइड इट’ असे म्हणून ‘शी’ पुन्हा आणले की दुसरे वाक्य स्वतंत्र उभे राहते, ‘हॅड’ची पकड सुटते, आणि मोजणी व्यापारी आल्यावर, त्याच्या डोळ्यांदेखत झाली असा अर्थ निघतो. व्यापाऱ्याच्या काट्यावर ज्याने एकदा तरी वाद घातला आहे त्याला या फरकाची किंमत सांगावी लागत नाही. एकामागून एक घडलेल्या गोष्टी त्याच क्रमाने सांगायच्या असतील तर मात्र ‘हॅड’ लागतच नाही, आणि ‘आफ्टर’ने क्रम स्पष्ट होत असेल तर ते ठेवले काय किंवा गाळले काय, दोन्ही चालते.

आमच्या वऱ्हाडीत ‘गेलो होतो’ बोलताना ‘गेल्तो’ होते, तसे इंग्रजीतही ‘ही हॅड’ आखडून ‘हीड’ होते. अडचण अशी की ‘ही वुड’ही आखडून ‘हीड’च होते. ‘हीड गॉन’ म्हटले तर ते ‘हॅड’ आणि ‘हीड गो’ म्हटले तर ते ‘वुड’, हे पुढच्या रूपावरून ओळखता येते. परंतु ‘हीड कम’ म्हटले तर ‘कम’ दोन्हीकडे तेच असल्यामुळे तो आला होता की येणार होता, हे फक्त संदर्भावरून ठरते.

मी आता रेघ मारत नाही; ‘हॅड’च्या शेजारी समासात ‘कशाच्या आधी?’ एवढे लिहितो. मागच्या हंगामात नववीतल्या एका मुलाने अर्ज परत आणून मला तोंडीच उत्तर दिले : ‘‘सर, तुमी हजेरी घेतली त्याच्या पह्यले.’’ मी त्याला तेवढेच इंग्रजीत लिहून आणायला सांगितले. ‘व्हेन यू कॉल्ड द रोल येस्टरडे, आय हॅड गॉन टु द फील्ड’ असे त्याने लिहून आणले, आणि त्या ‘हॅड’ला हात लावायला मला जागा राहिली नाही.