परसातल्या पिसांचा पंचनामा

सकाळी मागचे दार उघडावे, शेवग्याखाली करड्या-तपकिरी पिसांचा सडा पडलेला असावा, मधोमध होला या कबुतरासारख्या पक्ष्याचे अर्धवट खाल्लेले धड दिसावे आणि नेमके त्याच वेळी शेजारचे मांजर कुंपणावर बसून पंजा चाटत असावे, म्हणजे खटल्याचा निकाल तिथल्या तिथे लागतो. हातमोजे घालून तीच पिसे नीट पाहिली, तर हा निकाल पुष्कळदा फिरवावा लागतो.

शिक्रा हा छोटा शिकारी पक्षी भक्ष्य खाण्यापूर्वी त्याची पिसे चोचीने एकेक करून उपटतो. त्यामुळे पंखांच्या आणि शेपटीच्या मोठ्या पिसांचे दांडे टोकापर्यंत शाबूत राहतात, आणि एखाद्या दांड्यावर चोचीच्या चिमट्याची बारीक घडी उमटलेली असते. मांजर, मुंगूस किंवा कुत्रा दातांचा वापर करतो. तेव्हा दांडे अर्ध्यातच कातरले जातात आणि लाळेने चिकटलेल्या पिसांचे झुबके सापडतात. अर्थात मांजरही अधूनमधून अख्खी पिसे उपटते, म्हणून एकट्यादुकट्या पिसावर विसंबू नये. धड उरले असेल, तर छातीच्या हाडाची उभी, पातळ धार पाहावी. शिकारी पक्षी तिच्यावरचे मांस ओरबाडताना धारेला त्रिकोणी खाचा पाडतो, तर दातवाला प्राणी हाडच चावून चुरडतो.

पिसांचा ढीग आहे पण हाड, रक्त, मांस काहीच नाही, असेही होते. होले आणि पारवे यांची पाठीची व शेपटीची पिसे पकडीत आल्यावर चटकन सुटतात; शिकाऱ्याच्या हाती पिसे राहतात आणि पक्षी निसटतो. म्हणजे ज्याच्या खुनाचा आपण तपास करतो आहोत, तो कदाचित पलीकडच्या विजेच्या तारेवर बसलेला असेल. उलट धामण भक्ष्य सबंध गिळते आणि मागे काहीच ठेवत नाही.

खरी अडचण पुढेच आहे. या खुणांवरून कोणी खाल्ले हे कळते. कोणी मारले हे कळतेच असे नाही. लंडनच्या दक्षिणेकडील क्रॉयडन भागात 2014 पासून छिन्नविच्छिन्न मांजरे सापडू लागली आणि कोणी विकृत माणूस त्यांची हत्या करतो आहे, असा बोभाटा झाला. पोलिसांनी जवळपास तीन वर्षे तपास करून 2018 मध्ये तो बंद केला. गाडीखाली मेलेल्या मांजरांचे लचके कोल्ह्यांनी तोडले असावेत, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढे रॉयल व्हेटर्नरी कॉलेजच्या संशोधकांनी अशा 32 मांजरांची तपासणी केली आणि 2021 मध्ये ती प्रसिद्ध झाली. सगळ्या मृतदेहांवर कोल्ह्याचा डीएनए सापडला, पण कोल्ह्याने मारलेली मांजरे त्यांच्या मते दहाच होती. आठ हृदय-श्वसन बंद पडून, तर सहा जोराचा मार बसून मेली होती. उरलेल्यांपैकी काहींचे कारण ठरवता आले नाही.

जिवंतपणी मारले की मेल्यावर खाल्ले, हा फरक मुख्यतः कातडीखाली दिसतो. हृदय चालू असताना दात रुतले, तर भोवतालच्या मांसात रक्त साकळते आणि गर्द लाल-जांभळा डाग पडतो. मेल्यावर चावलेली जागा बहुधा फिकट, कोरडी राहते. होल्याच्या मानेवर दातांची छिद्रे आहेत, पण त्यांच्याभोवती रक्त साकळलेले नाही आणि कवटीवर मात्र मोठा डाग आहे, असे आढळले तर मांजर फार तर आयत्या जेवणाला आले होते. अशा वेळी मान वर करून खिडकीची काच तिरप्या उजेडात पाहावी. होल्याच्या अंगावर पिठासारखी बारीक भुकटी असते, आणि काचेवर तो वेगाने आदळला असेल, तर पसरलेल्या पंखांचा, छातीचा, कधी डोळ्याच्या गोलाचाही फिकट पांढरा ठसा तिथे उमटलेला दिसतो.