हलका केक: बटर किती कमी करावं, त्याजागी काय घालावं

‘साखर बंद करून गूळ घातला, आता झाला ना केक हलका?’ काउंटरवर नेहमी येणारा हा प्रश्न. नाही झाला. साखर काय आणि गूळ काय, 100 ग्रॅममागे दोन्हींत 380च्या आसपासच कॅलरी. मैद्याऐवजी कणीक घेतलीत तर चोथा वाढतो, ते चांगलंच. पण कॅलरी फारशा उतरत नाहीत. नारळाचं दूध तर गाईच्या दुधाच्या तिपटीहून जड. चवीसाठी जरूर घाला, हलकं म्हणून नको.

कात्री लावायची ती बटरला. 100 ग्रॅम बटरमध्ये साधारण 720 कॅलरी, तेवढ्याच दह्यात साठ-सत्तर. नेहमी 200 ग्रॅम मैदा, 100 ग्रॅम बटर, 150 ग्रॅम साखर आणि 2 अंडी घेत असाल, तर बटर 50 ग्रॅम घ्या. उरलेल्या 50 ग्रॅमच्या जागी घोटलेलं दही किंवा कुस्करलेलं केळं घाला. साल काळी पडलेली वेलची केळी याला फार छान. साखर 110 ग्रॅमवर आणा. एवढ्यानं अख्ख्या केकमागे पावणेपाचशेच्या आसपास कॅलरी वाचतात, दहा तुकडे केलेत तर तुकड्यामागे पन्नासेक.

बटर सगळंच मात्र काढू नका. पिठाला चिवटपणा येऊ न देण्याचं काम तेच करतं. साखरही निम्म्याच्या खाली नेली की केक फिकट आणि कोरडा होतो. दही घातलंत तर पाव चमचा खायचा सोडा चाळून मैद्यातच मिसळा. मैदा शेवटी, उलथन्यानं हलक्या हातानं, कोरडं पीठ दिसेनासं होईपर्यंतच. फेटत बसू नका. दही-सोडा एकत्र आले की बुडबुडे लगेच सुटतात, तेव्हा डबा आधी तयार ठेवा, ओव्हन 180 अंशांवर तापलेला हवा. पावसाळ्यात विजेचा भरवसा नसतोच. मग कुकर घ्या: शिटी आणि रिंग काढून, तळाला मीठ पसरून, मंद आचेवर.

फळाच्या गरानं ओलावा आणणं आपल्याला नवीन नाही. धोंडसाला, म्हणजे कोकणातल्या काकडीच्या केकला, मऊपणा येतो तो तवशाच्या (मोठ्या काकडीच्या) किसामुळे. केकमध्ये तवसं घालायचं तर बिया काढून किसा आणि पाणी हातानं पिळून टाका. आमच्या मते सगळ्यांत चवदार लागतो बरक्या फणसाचा रस; काप्याचे गरे घट्ट, ते नीट घोटले जात नाहीत. डब्यातला आंब्याचा रस वापरणार असाल तर लेबल वाचा, बऱ्याचदा साखर घातलेली असते. तेवढी केकमधून वजा करा.

बटरक्रीमचा जाड थर दिलात तर वाचवलेलं सगळं परत आलंच. घट्ट चक्क्यात थोडा रस फेटून लावा.

मधुमेह असलेल्यांनी लक्षात ठेवावं: हा केक हलका आहे, बिनसाखरेचा नाही. केळं-फणसातही साखर असतेच. किती खावा, ते डॉक्टरांना विचारा.

फळाचा केक दमट हवेत लवकर बुरसतो. दुसऱ्या दिवशी उरला तर फ्रीजमध्ये ठेवा.

बरक्याचा रस आम्ही हंगामात मागणीप्रमाणे काढून देतो. आदल्या दिवशी सांगा, डबा घरून आणा.